गेल्या महिन्यात किती तास?

"गेल्या महिन्यात या मुलाबरोबर तुम्ही एकूण किती तास होतात?"

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन शहरात दोन वर्षांहून जास्त काळ मी हा प्रश्न विचारत हिंडले. वाचनालयात, चर्चच्या तळघरात, नाण्यांवर चालणाऱ्या धुलाई यंत्रांच्या घरघराटात, कितीदा तरी माझ्याच गाडीत. उत्तर आकड्यात हवं असायचं. प्रश्न साधा वाटतो, पण तो ऐकल्यावर समोरचा माणूस आधी खिडकीबाहेर बघतो, मग बोटं मोजायला लागतो, आणि मधेच थांबतो. ते थांबणं माझ्या टॅबलेटवर कुठे नोंदवता येत नव्हतं.

काम असं होतं. एक स्थानिक संस्था मुलांपासून वेगळं राहणाऱ्या, कमी कमाईच्या वडिलांसाठी कार्यक्रम चालवायची. त्याची एक बाजू पालकत्वाचे वर्ग, प्रत्येकी दोन तासांची बारा सत्रं. दुसरी बाजू नोकरीची: अर्ज लिहायला मदत, मुलाखतीचा सराव, फोर्कलिफ्टचं, म्हणजे माल उचलणारी गाडी चालवायचं प्रमाणपत्र, बसचा पास, कारखान्यात चालतील असे पोलादी टोकाचे बूट, आणि तुरुंगवासाची नोंद असली तरी माणूस ठेवून घेणाऱ्या मालकांशी ओळख. पैसा केंद्र सरकारचा. वडिलांसाठीच्या अशा कार्यक्रमांना २००५ च्या कायद्यापासून दर वर्षी ५ कोटी डॉलर मिळत होते. २०१० च्या कायद्याने ती रक्कम साडेसात कोटी केली. पैशाबरोबर मोजणीही येते: कार्यक्रमाने खरंच फरक पडतो का, याची. आमच्या छोट्या संशोधन गटाकडे ती मोजणी आली. मी पुण्यात संख्याशास्त्र शिकलेली, पण इथे वाट्याला आलं ते माणसं शोधून त्यांच्यासमोर बसणं. ते मला आवडलं.

डेटन मला परकं वाटलं नाही, त्याला कारण आहे. या गावाने कॅश रजिस्टर जगाला दिलं, पण ते बनवणाऱ्या एनसीआर कंपनीने २००९ साली मुख्यालय जॉर्जिया राज्यात हलवलं. त्याच्या आदल्या डिसेंबरात, नाताळच्या दोन दिवस आधी, शेजारच्या मोरेनमधला जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला होता. पुढे त्याच इमारतीत एका चिनी कंपनीने मोटारीच्या काचांचा कारखाना काढला, माणसंही घेतली, पण पगार जुना राहिला नाही. ग्रेट मायामी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांची वस्ती, तिथे सेलम अ‍ॅव्हेन्यूवर बंद दुकानांची रांग. रस्त्यांवरून ट्रॉलीबसच्या विजेच्या तारा तेव्हाही जात होत्या. मी परळची. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला तेव्हा माझे बाबा साच्यावर होते. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावरही ते पहाटेच्या पाळीच्या वेळी उठायचे, चहा प्यायचे आणि काही न बोलता चाळीच्या कठड्याला टेकून उभे राहायचे. सेलम अ‍ॅव्हेन्यूच्या बसथांब्यावर सकाळी उभे असलेले पुरुष बघितले की मला तो कठडा दिसायचा.

मोजणी सोडतीवर आधारलेली होती. वर्गाला स्वतःहून येणारा माणूस मुळातच काहीतरी बदलायचं ठरवून आलेला असतो. नऊ महिन्यांनी तो नोकरीला लागलेला दिसला, तर ते श्रेय वर्गाचं की त्याच्या निश्चयाचं, हे कोण सांगणार? म्हणून आलेल्या सगळ्यांची आधी मुलाखत घ्यायची, मग संगणकाने सोडत काढायची. निम्मे कार्यक्रमात, निम्मे तुलना गटात. तुलना गटाला शहरातल्या इतर सेवांची एक यादी मिळायची आणि नऊ महिन्यांनंतर कार्यक्रमात यायची मुभा. जागा मागणी करणाऱ्यांपेक्षा कमीच होत्या, त्यामुळे कुणाला तरी परत पाठवावं लागणारच होतं. मग ते चिठ्ठीने ठरलेलं बरं, नाहीतर जो गोड बोलतो त्याचाच नंबर लागतो. हे मी तेव्हा मानत होते, आजही मानते.

पण मानणं आणि समोर बसून सांगणं यांत अंतर आहे. पहिल्याच आठवड्यात दोन चुलतभाऊ एकत्र आले. एकाच गाडीतून, कारण दुसऱ्याचा वाहन परवाना चाइल्ड सपोर्टच्या, म्हणजे वेगळं राहणाऱ्या बापाने मुलाच्या खर्चासाठी भरायच्या पैशांच्या, थकबाकीपायी निलंबित झालेला. दोघांनी संमतिपत्र नीट वाचलं, थोरल्याने दोन प्रश्नही विचारले. मी बटण दाबलं. थोरला कार्यक्रमात, धाकटा तुलना गटात. मी यादी पुढे केली. धाकट्याने ती घेतली, घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "ठीक आहे, मिस. मला नंबर न लागायची सवय आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. २०१२ च्या जूनमध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. ६,९२५ घरं आणि सुमारे दीड लाख अर्ज. बाबांचा अर्ज त्यात होता. सोडत पारदर्शक झाली, त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. पण नाव लागलं नाही म्हटल्यावर त्यांनी पावतीची अशीच घडी घालून ती पाकिटात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन एवढंच मागितलं, की तुलना गटातल्या माणसाला निकाल सांगून लगेच उठवायचं नाही. यादीतल्या एका ठिकाणी मी तिथेच, त्याच्यासमोर फोन लावून वेळ ठरवून देईन. पद्धतशास्त्र बघणाऱ्या वरिष्ठांना हे खटकलं. अशाने तुलना गटालाही मदत होते आणि फरक पुसट होतो. बरीच चर्चा होऊन शेवटी परवानगी मिळाली, अट एवढीच की प्रत्येकासाठी सारखंच करायचं. मी केलं.

वर्ग ठरल्याप्रमाणे चालतात का हे पाहायला मी तपासणीचा तक्ता घेऊन मागच्या खुर्चीत बसायची. सत्रांत बरंच काही असायचं: स्वतःच्या वडिलांबद्दल बोलणं, रागाची खूण ओळखणं, वयाप्रमाणे मुलाला काय जमतं आणि काय नाही. ते सगळं तक्त्यात आहे, इथे सांगत बसत नाही. एक संध्याकाळ मात्र सांगितलीच पाहिजे. कायदा समजावून द्यायला एक वकीलबाई आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, की ओहायोत आईवडिलांचं लग्न झालेलं नसेल तर न्यायालय वेगळा आदेश देईपर्यंत मुलाचा ताबा एकट्या आईकडेच असतो. पितृत्व सिद्ध झालं, पगारातून दर आठवड्याला पैसे कापले जात असले, तरी भेटीचा हक्क आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळं शुल्क, वेगळी तारीख.

खोलीत कुणी बोलेना. मग एक जण उठला, ट्रकवर माल चढवणारा, पन्नाशीच्या आसपासचा. "मी अकरा वर्षं भरतोय. मला वाटत होतं, ती भेटू देत नाही म्हणजे ती कायदा मोडतेय. म्हणून मी तिच्याशी भांडत होतो." तो पुन्हा बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. माझ्या तक्त्यात त्या सत्रासमोर "विषय पूर्ण झाला: होय" अशी चौकट होती. ती मी भरली. पण त्या माणसाच्या अकरा वर्षांत एखाद्या सरकारी खिडकीने त्याला हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तर कितीतरी भांडणं टळली असती, हे मी माझ्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं आणि अंतिम अहवालात घालण्याचा आग्रह धरला.

प्रश्नावलीशी माझं खरं भांडण झालं ते एका मुलावरून. आमची पहिली प्रश्नावली प्रत्येक वडिलांच्या मुलांपैकी एक मूल संगणकाने निवडायची आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच मुलाबद्दल. हिशेब सोपा राहतो. पण आमच्याकडे येणाऱ्या कित्येक पुरुषांना दोन बायकांपासून मुलं होती. एका तरुणाला तीन. दोन धाकटी रोज संध्याकाळी त्याच्या आईच्या घरी यायची, तो त्यांना जेवू घालायचा, अंघोळ घालायचा. संगणकाने निवडली ती थोरली. ती आईबरोबर टेक्सासला होती आणि चार वर्षांत भेटली नव्हती. किती तास? शून्य. पुस्तक वाचून दाखवलंत? नाही. जेवू घातलंत? नाही. आठव्या प्रश्नाला तो उभा राहिला. "बाकीच्या दोघांचं विचारा ना. मी बाप आहे, हे कुठेतरी लिहा ना."

मी मुलाखत थांबवली. पुढचे दोन आठवडे आमच्या गटात याच्यावर वाद झाला. अभ्यास मध्यावर असताना प्रश्न बदलले तर आधीच्या मुलाखतींशी जुळत नाहीत, हे मलाही कळत होतं. शेवटी तीन मुलांपर्यंत विचारायचं ठरलं, आणि त्याआधीच्या मुलाखतींतल्या माणसांना पुन्हा गाठून उरलेल्या मुलांबद्दलचे प्रश्न विचारायचे. हे गाठायचं काम मीच अंगावर घेतलं. हिवाळा होता. सतराजणांपैकी पाच जणांपर्यंत मी पोचूच शकले नाही. त्या पाचांच्या नावावर आजही एकच मूल आहे.

माणसं हरवतात. नऊ महिन्यांत फोन नंबर दोन-तीनदा बदलतो, पत्ता म्हणजे कधी बहिणीचा सोफा असतो, कधी गाडी. म्हणून पहिल्या मुलाखतीतच आम्ही तीन अशा व्यक्तींची नावं घ्यायचो ज्यांना यांचा ठावठिकाणा नक्की माहीत असेल. बहुतेकांची पहिली व्यक्ती आईच. या आयांशी मी फोनवर किती बोलले! एकीने सांगितलं, "तो माँटगोमेरी काउंटीच्या तुरुंगात आहे, पण सोमवारी सुटेल, मंगळवारी ये." मी मंगळवारी गेले, तो खरंच होता. मुलाखतीत न सापडणारे लोक म्हणजे बहुधा ज्यांचं सगळ्यात बिनसलंय ते. त्यांना सोडून उरलेल्यांवर निष्कर्ष काढला तर कार्यक्रम आहे त्याहून चांगला दिसतो. या काळजीने मी रविवारीही फिरत होते. डेटनजवळच्या बीव्हरक्रीकच्या मंदिरात गणपतीची आरती चालू असताना फोन आला आणि मी प्रसाद न घेता निघाले, कारण तो माणूस म्हणाला होता, "आत्ता अर्धा तास आहे, मग ट्रकवर जातोय."

मन:स्थितीचे आठ प्रश्न मी त्यांना मोठ्याने विचारत नसे. कानाला हेडफोन, टॅबलेटवर आवाज, बोटाने उत्तर. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागली का. मी तोंड वळवून बसायची. एकदा हेडफोन काढल्यावर एक जण म्हणाला, की असं कुणी पहिल्यांदाच विचारलं, आणि तेही यंत्राने.

पैशांच्या बाबतीत मला जे कळलं ते कागदावर नीट उतरवायला फार जड गेलं. नोकरी लागली हे आम्ही दोन मार्गांनी तपासायचो: माणसाला विचारून आणि सरकारी नोंदींवरून. दोन्ही जुळत नसत. ज्याच्यावर थकबाकी आहे त्याच्या पगारातून कायद्याने, हातात येणाऱ्या रकमेच्या ६५ टक्क्यांपर्यंत कापता येतं. कार्यक्रमातून गोदामात लागलेल्या एकाने मला पहिली पगारपावती दाखवली. आठवडाभर रात्रपाळी करून हातात जे आलं, तेवढं तो पूर्वी एका शनिवारी लोकांची गवतं कापून रोखीने मिळवत होता. सरकारी नोंदीत तो शनिवार कुठेच नव्हता. म्हणजे आमच्या आकड्यांत त्याची कमाई शून्यावरून वर गेली, आणि त्याच्या खिशात ती कमी झाली. वर त्या कापलेल्या पैशातला काही भाग मुलाच्या आईकडे न जाता राज्याकडे जात होता, कारण पूर्वी तिने सरकारी मदत घेतली होती. "मग हे पैसे कुणासाठी?" त्याने विचारलं. तरीही तो गोदामात टिकला. का, असं विचारल्यावर म्हणाला, "पावती आहे ना. न्यायाधीशापुढे ठेवता येते."

आमच्या निकालांबद्दल सांगायचं तर अभ्यास लहान होता. कार्यक्रमातले वडील मुलांशी जरा जास्त प्रेमाने, वयाला धरून वागत असल्याचं सांगत होते, पण फरक इतका बारीक की योगायोगापासून वेगळा काढता येईना. २०१८ मध्ये मोठा राष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. मिनेसोटा, मिसुरी आणि कॅन्सस भागातल्या चार कार्यक्रमांत साडेपाच हजारांवर वडिलांची अशीच सोडत काढून वर्षभराने विचारपूस केलेली. त्यातही चित्र तसंच होतं: मुलांशी वागण्यात सुधारणा, सलग नोकरीत टिकण्यात वाढ, पण कमाईत फरक नाही, मुलांशी प्रत्यक्ष भेटीत नाही, आईबरोबरच्या संबंधांतही नाही. डेटनला हे नवं नव्हतं. १९९० च्या दशकात सात शहरांत वडिलांसाठी नोकरीचा असाच प्रयोग झाला होता, त्यातलं एक डेटनच. तेव्हाही चाइल्ड सपोर्टचा भरणा वाढला, पण एकूण कमाई वाढली नाही.

संस्थेच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा तिथला सगळ्यात जुना शिक्षक, जो रात्री अकराला या पुरुषांचे फोन घ्यायचा, नुसता टेबलाकडे बघत राहिला. मी आकडे मऊ केले नाहीत. केले असते तर त्या सव्वादोन वर्षांत ज्यांना मी परत पाठवलं त्यांची फसवणूक झाली असती. पण एक गोष्ट मी तिथे ठासून सांगितली. "भेटीत फरक नाही" याचा अर्थ "वडिलांनी प्रयत्न केला नाही" असा कुणी वाचू नये. वर्ग बापाला शिकवतो, पण दाराची कडी त्याच्या हातात नसते. ती न्यायालयाच्या तारखेत असते, रविवारी तासाला एकदा येणाऱ्या बसमध्ये असते, आईच्या हातात असते. आणि काही घरांत आईने ती कडी लावून ठेवली होती त्याला पुरेपूर कारण होतं. त्या बायकांशीही मी बोलले आहे. एकीच्या हातावर भाजल्याचा डाग होता. तिचं दार वर्गांमुळे उघडलं नाही, याला मी कार्यक्रमाचं अपयश म्हणणार नाही.

शेवटच्या मुलाखतींतली एक त्या धाकट्या चुलतभावाची होती. नंबर बंद होता, थोरल्याने नवा दिला. तो काचेच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता, दुपारी तीन ते रात्री अकरा. नोकरी स्वतःच शोधलेली. मला म्हणाला, पाळीच्या आधी पार्किंगमध्ये ये. मी गेले. गाडी चुलतभावाची, चालवायलाही तोच, परवाना अजून मिळाला नव्हता. थोरला बाहेर सिगारेट ओढत उभा राहिला, मी मागच्या सीटवर टॅबलेट उघडला.

"गेल्या महिन्यात या मुलीबरोबर तुम्ही एकूण किती तास होतात?"

त्याने पुढच्या सीटवरून एक वही घेतली. कार्यक्रमाची वही, वर थोरल्याचं नाव. आत दोन हस्ताक्षरं. प्रत्येक सत्राची उत्तरं एकाने निळ्या शाईत लिहिलेली, त्याच्या खाली दुसऱ्याने पेन्सिलीने. "तो सोमवारी जायचा, मंगळवारी आम्ही दोघं बसायचो," तो म्हणाला. मागच्या पानावर, भेटींची नोंद ठेवायची जागा होती तिथे, पेन्सिलीने तारखा आणि वेळा होत्या. २:२०, २:१८, २:२२.

"ही शाळा सुटायची वेळ. मी रस्त्याच्या पलीकडे उभा असतो. ती बसमध्ये चढते. बघून हात करते कधीकधी. आईला माहीत आहे, तिने हरकत घेतलेली नाही. मग इकडे येतो. हे धरायचं का?"

मी नियम वाचून दाखवला. बरोबर असणं म्हणजे एकाच ठिकाणी, एकमेकांशी बोलता येईल असं.

त्याने वही मिटली. "मग शून्य लिहा. खोटं नको."

मी शून्य लिहिलं. शेरा लिहायच्या जागेत सगळ्या तारखा आणि वेळा एकेक करून उतरवल्या, त्याने वाचून दाखवल्या तशा. पावणेतीनचा गजर त्याच्या फोनवर वाजला. शेवटचा प्रश्न माझ्यासाठी होता, मुलाखत घेणाऱ्याने भरायचा: तुलना गटातल्या या व्यक्तीपर्यंत कार्यक्रमाचा कोणताही भाग पोचला आहे का. होय म्हटलं की आमचा आधीच बारीक असलेला फरक आणखी बारीक होणार होता. तो बूट बदलत होता, पोलादी टोकाचे, पुढच्या बाजूला थोरल्याचं आद्याक्षर मार्करने लिहिलेले. मी "होय" वर बोट ठेवलं.